माती कुणी ओळखायची?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'स्त्रिया आणि श्रम' असा विषय छापला आहे. श्रमांवर आपण खूपदा बोललोय. आज मी मातीवर बोलणार आहे, म्हणून येताना ही परात घेऊन आले. तिच्यात तीन ढीग आहेत. एक काळी माती, एक गावठाणातली पांढरी आणि एक मुरूम. शेजारी पाण्याचा तांब्या आहे. त्याकडे शेवटी येऊ.

मातीचं एक शास्त्र असतं. मी शेतीबद्दल बोलत नाहीये. इमारत, पूल, रस्ता ज्या मातीवर उभा राहतो, धरणाचा बांध ज्या मातीचा बनतो, ती माती किती भार पेलेल, पाणी प्याल्यावर काय करेल, कधी घसरेल, याचं ते शास्त्र. पुस्तकात त्याला मृदा यांत्रिकी म्हणतात, कॉलेजातली मुलं सॉइल मेकॅनिक्स म्हणतात. या शास्त्राच्या लोकांची आपल्या देशात एक संस्था आहे आणि तिला पाऊणशे वर्षं होऊन गेली आहेत. तिचा इतिहास मी काही महिने जमेल तसा वाचला. मी इंजिनिअर नाही. मी एम.एस.डब्ल्यू. केलं, आणि आमच्या अभ्यासक्रमात मातीचा 'म'सुद्धा नव्हता. मग ही उठाठेव कशाला? तर त्याला कारण एक भांडण.

काही वर्षांपूर्वी आम्ही काम करत होतो त्या गावात रोजगार हमीचं काम निघालं. बायका दोन आठवडे टिकाव-पाटी घेऊन राबल्या. हातात मजुरी पडली ती ठरलेल्या रोजाच्या निम्मी. चौकशी केली तेव्हा कळलं, मोजमाप पुस्तिकेत 'मऊ माती' अशी नोंद आहे. वरचा वीतभर थर मऊ होता हे खरं. त्याखाली मुरूम होता, आणि असा की टिकाव मारला की ठणका खांद्यापर्यंत जायचा. आमच्यातल्या एका मावशींनी तळहात पुढे केले आणि म्हणाल्या, "मऊ होती तर हे फोड कशाचे?" समोरच्या साहेबांनी हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "माती ओळखणं हे शास्त्र आहे बाई, ते तुमचं काम नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. म्हटलं, शास्त्र आहे ना, मग ते बघूच.

या शास्त्राला आजचं रूप दिलं कार्ल टर्झागी नावाच्या ऑस्ट्रियन इंजिनिअरने. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो इस्तंबूलला शिकवत होता. तिथे त्याने टाकाऊ सामानातून जुळवलेल्या उपकरणांवर मातीचे प्रयोग केले. 1925 साली त्याचं पुस्तक आलं. 1936 मध्ये अमेरिकेत हार्वर्डला पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दोनशेच्या आसपास प्रतिनिधी जमले, आणि त्यातूनच जागतिक संघटना झाली. टर्झागी तिचा पहिला अध्यक्ष. मग महायुद्ध आलं, आणि दुसरी परिषद भरायला 1948 उजाडलं. ती रॉटरडॅमला झाली.

त्याच 1948 साली भारतात या विषयाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. नाव लांबलचक, मराठीत सांगायचं तर भारतीय मृदा यांत्रिकी आणि पाया अभियांत्रिकी संस्था. वर्ष लक्षात घ्या. स्वातंत्र्याला वर्षच झालेलं. भाक्रा, हिराकूड, दामोदर खोरं, सगळीकडे बांधकामाची लगबग. इतकी माती हलवायची तर ती जाणणारी माणसं एकत्र यायला हवीत, हे त्या लोकांना कळलं, आणि ते बरोबरच होतं. 1960 साली आशियातली या विषयाची पहिली प्रादेशिक परिषद दिल्लीला भरली. त्यानंतर टोकियो, हैफा, बँकॉक करत 1975 मध्ये ती पुन्हा आपल्याकडे, बंगलोरला आली. 1967 साली आग्नेय आशियातल्या लोकांनी बँकॉकला आपली वेगळी संस्था काढली. 1994 मध्ये तर तेरावी जागतिक परिषदच दिल्लीला झाली. आशिया खंडात ती त्याआधी एकदाच भरली होती, 1977 ला टोकियोत.

दिल्लीच्या त्या पहिल्या आशियाई परिषदेनंतर पुढच्याच वर्षी, 12 जुलै 1961 ला, आपलं पानशेत फुटलं. ते धरण मातीचं होतं, काम पुरतं झालेलं नव्हतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. पुण्यातल्या बायकांनी त्या पुराच्या आठवणी अजून जपल्या आहेत. मी ही गोष्ट कुणाला दोष द्यायला काढली नाही. मातीबद्दलचं ज्ञान परिषदेत असतं आणि बांधावरही असावं लागतं, आणि या दोन्ही जागांमधलं अंतर किती महाग पडू शकतं, एवढंच मला त्यातून दिसलं.

आता नावाची गंमत बघा. 1970 मध्ये आपल्या संस्थेने नाव बदललं. ती इंडियन जिओटेक्निकल सोसायटी झाली. नावातली माती गेली. आग्नेय आशियाच्या संस्थेच्या नावातही आधी 'सॉइल' होतं, तिथेही पुढे 'जिओटेक्निकल' आलं. जागतिक संघटनेने 1997 मध्ये नाव बदललं, तेव्हा 'पाया' काढून 'जिओटेक्निकल' घातलं, माती मात्र ठेवली. बदलाला सबळ कारण आहे. विषय वाढला, खडक आला, बोगदे आले, भूकंप आले. तरी मला उगाच वाटून गेलं, आपण गावाकडून शहरात आलो की नावातलं गावपण झटकतो, तसंच काहीसं. हे माझं मत, इंजिनिअर मंडळींनी रागावू नये.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत आवडलेली गोष्ट एका चाचणीची आहे. अ‍ॅटरबर्ग नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 1911 च्या सुमारास ती मांडली. चिकणमातीत पाणी घालून गोळा मळायचा. त्यातला बोरा-बोराएवढा तुकडा घेऊन काचेवर तळहाताने वळायचा, सुतळीसारखा लांब. तीन मिलिमीटर जाडीची दोरी झाली आणि ती नेमकी तेव्हाच तुटायला लागली, की त्या वेळी मातीत जेवढं पाणी आहे ती तिची सुघट्यतेची सीमा. आधीच तुटली तर पाणी कमी. त्याहून बारीक वळता आली तर जास्त. पुढे यंत्रं किती आली, पण ही चाचणी आजही प्रयोगशाळेत अशीच हाताने करतात.

तुम्ही हसताय, कारण तुम्हाला कळलंय. हे आपलं वळवट आहे! लग्नाआधी शेजारणी जमून मालत्या, गव्हले, बोटवे वळतात. पीठ सैल झालं की वळत नाही, घट्ट झालं की तुटतं, आणि नेमकं केव्हा जमलं हे बोटांना कळतं. तसंच धरणाच्या बांधाचं. 1933 मध्ये अमेरिकेत प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरने दाखवलं की माती धुमसाने ठोकून दाबायची तर तिच्यात पाणी नेमकं हवं. कमी पडलं तर माती दबत नाही, जास्त झालं तरी दबत नाही. भाकरीच्या पिठाला जिने एकदा पाणी घातलंय तिला हे सांगावं लागणार नाही.

म्हणून बायकांना सगळं आधीच माहीत होतं असं मी म्हणणार नाही. चळवळीत आपण कधीकधी असं बोलतो आणि टाळ्या घेतो. ते खरं नसतं. बोटांना कळणं वेगळं आणि ते मोजून, आकड्यात मांडून, हजार मैलांवरच्या माणसाला तसंच्या तसं पुन्हा करता येईल असं लिहिणं वेगळं. दुसरं काम या लोकांनी केलं आणि ते मोठं आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या काचेवर वळणारा हात आणि परातीत वळणारा हात एकच काम करतायत. 'ते तुमचं काम नाही' हे कुठून आलं?

काळ्या मातीचंच घ्या. आपल्याकडे जुन्या बोलण्यात काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. काळीत घर बांधायचं नाही, हे शहाणपण पिढ्यान् पिढ्यांचं. काळी पाणी पिते आणि फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जिचं घर काळीवर आहे तिला विचारा, पावसाळ्यात दार चौकटीला का घासतं आणि जमीन किती वेळा सारवली तरी का फुटते. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी दाखवलं की काळीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा मीटरभर जाडीचा थर दाबून बसवला, की वरचं कालव्याचं अस्तर किंवा पाया तग धरतो. संस्थेने वार्षिक व्याख्यान सुरू केलं तेव्हा 1978 चं पहिलं व्याख्यान त्यांचंच होतं, आणि विषय होता काळी माती. मला हे वाचून बरं वाटलं. आपल्या पायाखालच्या मातीचा प्रश्न आपल्या भाषेच्या मुलखात बसून सोडवला गेला.

आता बायका कुठे आहेत ते पाहू.

संस्था निघण्याच्या चार-पाच वर्षं आधी मद्रासच्या गिंडी कॉलेजातून तीन मुली इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या होत्या. ए. ललिता विद्युत शाखेत, पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज स्थापत्य शाखेत. त्यांच्या पदवीच्या छापील कागदावरचा 'तो' खोडून 'ती' लिहावं लागलं, असं सांगतात. थ्रेसिया 1971 मध्ये केरळच्या बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. म्हणजे बायका नव्हत्याच असं नाही. पण 1936 ते 2022 या काळात जागतिक संघटनेने निवडलेल्या अध्यक्षांत एकही बाई नाही.

आणि रूथ टर्झागींची गोष्ट तर प्रत्येकीने लक्षात ठेवावी. रूथ डॉगेट या स्वतः भूशास्त्रज्ञ, कार्लशी लग्न झालं 1930 मध्ये. खडकातल्या भेगांची मोजणी करताना एक चूक होते. मोजणीची रेघ ज्या दिशेने असेल त्या दिशेच्या भेगा तिला कमी छेदतात, म्हणून त्या कमी मोजल्या जातात. ही चूक कशी ओळखायची आणि दुरुस्त करायची, हे रूथ यांनी 1965 मध्ये निबंध लिहून दाखवलं. या दुरुस्तीला आज जगभर 'टर्झागी करेक्शन' म्हणतात. ऐकणाऱ्याला काय वाटतं? टर्झागी म्हणजे कार्ल. तो 1963 मध्ये वारला होता, निबंध निघाला त्याच्या दोन वर्षं आधी! नवऱ्याचं आडनाव लावल्याने बाईचं काम कसं विरघळतं, याचं याहून शास्त्रशुद्ध उदाहरण मला सापडलेलं नाही. शिवाय त्या निबंधाचा आशयही बघा. ज्या दिशेने पाहाल त्या दिशेचं काही दिसेनासं होतं, आणि ते दुरुस्त करायचं तर आधी आपण कुठून पाहतोय ते मान्य करावं लागतं.

पुढे नॉर्वेच्या भूतांत्रिक संस्थेच्या प्रमुख झालेल्या सुझान लाकास यांनी 2013 मध्ये पॅरिसच्या जागतिक परिषदेत टर्झागींच्या नावाचं व्याख्यान दिलं. विषय होता, दरडींपासून समाजाचं रक्षण. हा विषय आपल्यासाठी दूरचा नाही. पुढच्याच वर्षी, 30 जुलै 2014 ला, माळीण गाडलं गेलं. मग 2021 मध्ये तळिये, 2023 मध्ये इर्शाळवाडी. इर्शाळवाडी तर दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीतच नव्हती. यादी करताना वाडीतल्या बाईला कुणी विचारत असेल का, की तुझ्या झऱ्याचं पाणी कधी गढूळ होतं, घरामागच्या उतारावर भेग कुठे पडलीय? पाणी तीच भरते. सरपणाला उतारावर तीच जाते.

आपल्याकडे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रा. जी. माधवी लता यांचं नाव तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. चिनाब नदीवरचा रेल्वेपूल, पात्रापासून 359 मीटर उंच, 6 जून 2025 ला त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या पायाच्या आणि उताराच्या कामात त्या सतरा वर्षं सल्लागार होत्या. बातम्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की मी हजारोंपैकी एक आहे, एकटीला श्रेय देऊ नका. संस्थेने 2021 मध्ये त्यांना उत्कृष्ट महिला संशोधकाचा पुरस्कार दिला. पुरस्कार मिळाला याचा आनंद आहेच. पण 'महिला संशोधक' अशी वेगळी पंगत का, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते. बसमधल्या राखीव जागेसारखं आहे हे. ती हवी असते, आणि ती लागते याचा रागही येतो.

या सगळ्या बायका शिकलेल्या. ज्यांनी माती खरोखर उचलली त्या कुठल्याच कागदात नाहीत. आपल्याकडे वडार समाजात एका पोटजातीचं नावच माती वडार आहे. ज्यांच्या नावात माती, त्यांच्यातलं कुणी व्यासपीठावर बसल्याचं मी वाचलेलं नाही. 1972 च्या दुष्काळात पाझर तलावांचे बांध कुणी घातले? आपल्या आया-आज्यांनी, डोक्यावर पाटी आणि झाडाला बांधलेल्या झोळीत मूल. त्यानंतर रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 1979 पासून लागू झाला. 2005 मध्ये केंद्राचा कायदा आला. कायदे येतात, बदलतात, नावं बदलतात. मजुरी मात्र मोजमापावर आणि मोजमाप मातीच्या जातीवर अडलेलं असतं.

आता माझ्या भांडणाकडे येते. शास्त्र वाचता वाचता मला कळलं की इंजिनिअर मातीची जात दोन प्रकारे ठरवतात. प्रयोगशाळेत कणांच्या आकारावरून आणि त्या वळण्याच्या चाचणीवरून. पण खोदाईच्या दरासाठी लागणारी जात तशी ठरतच नाही! ती ठरते हत्यारावरून. फावड्याने निघते ती मऊ. टिकाव लागतो ती कठीण. पहार लागते ती त्याहून कठीण. सुरुंग लावावा लागतो तो खडक. म्हणजे माती कुठल्या जातीची, याचा पहिला पुरावा जिच्या हातात टिकाव आहे तिच्याकडेच असतो. साहेब म्हणाले ते तुमचं काम नाही, आणि दरपुस्तक म्हणतं हे तिच्याच कामावरून ठरवा.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. सरकारी दरपुस्तकांत साधारण पहिलं 50 मीटर अंतर आणि दीड मीटर चढ खोदाईच्या दरातच धरलेला असतो. पुरुष खणतो, बाई वाहते. खणण्याच्या श्रमाला चार-पाच जाती, त्यांचे चार-पाच दर. तिची पाटी उचलणं, चढणं, ओतणं, रिकामी पाटी घेऊन उतरणं हे 'त्यातच आलं'. घरकाम संसारात येतं तसं. आणि जिला जोडीदार नाही तिचं काय? विधवेला, टाकलेल्या बाईला टोळीत कुणी घेत नाही, कारण ती 'नुसती वाहणार'. आमच्या गावात अशा तिघींनी मिळून आपली टोळी केली होती, खणायचंही त्यांनी आणि वाहायचंही. 'मऊ माती' या दोन शब्दांचा सर्वांत मोठा फटका त्यांनाच बसला.

आम्ही फेरमोजणीचा अर्ज केला. तीन खेटे घातल्यावर अधिकारी आले. बायकांनी जुन्या खड्ड्याशेजारी त्यांच्यादेखत नवा खड्डा घेतला. आधी नुसतं फावडं चालवून दाखवलं, ते वीतभर खाली थांबलं. मग टिकाव. मग पहार. भाषण नाही, घोषणा नाही. खालचे थर कठीण मुरूम म्हणून लिहून घेतले गेले आणि चार महिन्यांनी फरक मिळाला. पहिल्या आठवड्याचा नाही मिळाला. ते खड्डे तोवर पावसाने भरून गेले होते आणि पुरावा बुजला होता. मावशींचे सगळ्यात जास्त दिवस त्याच आठवड्यातले होते. त्या अजून मला भेटल्या की विचारतात, "आमचं ते राहिलेलं कधी?" माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती अगदी साधी आहे. यंदा काम निघालं की प्रत्येक टोळीत एक वही ठेवा. रोज लिहा, आज कुठलं हत्यार चाललं, किती खोलीला माती बदलली, किती पावलांवर नेऊन टाकली, किती चढून. लिहिणारी नसेल तर शाळेतली मुलगी लिहील. थर बदलला की त्या मातीची मूठभर पुडी बांधून त्यावर तारीख टाका. आणि मोजणीच्या दिवशी पुस्तिकेत काय लिहिलं ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, तिथेच, खड्डा उघडा असताना. पाऊस पडायच्या आत.

आता परातीकडे या. काळी आधी घ्या, ती चांगली वळते. मुरमाची दोरी होते का तेही करून बघा. साहेब 'मऊ' म्हणाले होते ती माती हीच आहे, त्याच खड्ड्यातली.